कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचं इन्फेक्शन: तारीख मिळाल्यापासून टाके सुकेपर्यंत घरच्यांनी काय बघायचं

परळचं टाटा हॉस्पिटल असो, खारघरचं असो की उपनगरातलं एखादं खासगी हॉस्पिटल, कॅन्सरच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात धावपळ सुरू होते ती पैशांची, रक्तदात्यांची, महात्मा फुले योजनेच्या कागदांची आणि राहायच्या सोयीची. ऑपरेशननंतर जखमेत पू होईल, छाती भरेल, लघवीत जंतू निघतील, हा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नसतो. आणि तसं झालंच तर "नशीब म्हणायचं" किंवा "हॉस्पिटलच घाणेरडं" या दोन वाक्यांत विषय संपतो. दोन्ही वाक्यं अपुरी आहेत. काही इन्फेक्शन कितीही काळजी घेतली तरी होतात. पण बरीचशी टाळता येतात, आणि ती टाळायचं काम ऑपरेशनच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत सुरू होतं, म्हणजे पेशंट अजून घरी असतो तेव्हा.

हे मनावर घ्यायचं कारण असं की कॅन्सरमध्ये ऑपरेशन हा बहुतेकदा उपचाराचा एक टप्पा असतो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पुढे रेडिएशन लागणार असेल तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू करायचा प्रयत्न असतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये केमो लागणार असेल तर ती सहसा आठ आठवड्यांच्या आत. जखम उघडी असेल, पू वाहत असेल, तर यातलं काही सुरू करता येत नाही. टाक्यांच्या दोन इंचांतल्या पुवामुळे पुढचा सगळा उपचार रखडतो.

कसली इन्फेक्शन, आणि कोणाला जास्त धोका

मुख्य प्रकार चार. ऑपरेशनच्या जागेचं इन्फेक्शन, म्हणजे वरच्या टाक्यांपासून ते पोटात आत साठलेल्या पुवापर्यंत काहीही. लघवीच्या नळीमुळे होणारं. छातीचं, म्हणजे न्यूमोनिया. आणि मानेच्या किंवा दंडाच्या मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनमधून थेट रक्तात जाणारं. यातलं पहिलं ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत कधीही झालं तरी त्या ऑपरेशनच्याच खात्यात धरतात. शरीरात जाळी, प्लेट किंवा इम्प्लांट बसवलं असेल तर ९० दिवसांपर्यंत. म्हणून "डिस्चार्ज मिळाला, सुटलो" असं समजू नका. जखमेचं इन्फेक्शन बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या दिवसानंतर डोकं वर काढतं, आणि तोवर पेशंट घरी पोचलेला असतो.

धोका सगळ्यांना सारखा नसतो. ऑपरेशन कुठल्या अवयवाचं, यावर बरंच अवलंबून असतं. स्तनाचं किंवा थायरॉइडचं ऑपरेशन तुलनेनं स्वच्छ जागेचं. तोंड, घसा, अन्ननलिका, आतडी यांचं ऑपरेशन म्हणजे जिथे जंतू मुळातच राहतात तिथे चिरा द्यायचा. तिथे धोका जास्त, आणि मोठ्या आतड्यात सगळ्यांत जास्त म्हणावा असा. ऑपरेशन खूप तास चाललं, रक्त चढवावं लागलं, पुन्हा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न्यावं लागलं, आयसीयूतला मुक्काम लांबला, की धोका वाढत जातो. या गोष्टी आपल्या हातात नाहीत. आपल्या हातात आहेत त्या पुढे सांगतो.

पायरी १: तारखेच्या आधीचे आठवडे

सगळ्यांत आधी तंबाखू. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सिगारेट-बिडी बंद झाली तर जखम भरण्यात आणि फुप्फुसांत फरक पडतो. तारीख दोनच आठवड्यांवर असेल तरीही बंदच करा. "आता काय उपयोग" हा प्रश्न विचारत बसू नका. मिश्री आणि गुटखाही यातच आले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरी तो कुठे मिळतो हे प्रत्येक गल्लीला माहीत आहे, त्यामुळे पेशंटच्या खिशाकडे घरच्यांनीच लक्ष ठेवायचं. घरातल्या बायका मिश्रीला "दात घासायचं" म्हणून मोजतच नाहीत. डॉक्टरांनी विचारलं तर ती मोजून सांगा.

दुसरी शुगर. एचबीएवनसी या तपासणीत साधारण मागच्या तीन महिन्यांचा अंदाज येतो. ती जास्त आली म्हणून कॅन्सरचं ऑपरेशन तीन महिने पुढे ढकलता येत नाही, पण रोजची शुगर दोन आठवड्यांत बऱ्यापैकी ताब्यात येऊ शकते. ऑपरेशनच्या आगेमागे ती १८० च्या आत राहावी असं साधारण धरतात. त्यासाठी गोळ्या बदलून काही दिवस इन्शुलिन सुरू केलं तर घाबरू नका. इन्शुलिन लागलं म्हणजे आजार वाढला असं नाही. आजवर कधीच डायबेटीस नव्हता अशांचीही शुगर ऑपरेशनच्या ताणानं चढते, हेही लक्षात असू द्या.

तिसरं खाणं, आणि इथे आपण सगळ्यांत जास्त चुकतो. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, किंवा रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ३.५ च्या खाली असेल, तर जखम उशिरा भरते आणि चिघळायची शक्यता वाढते. अशा पेशंटला आपण काय देतो? पेज, शहाळं, मोसंबीचा रस. पचायला हलकं म्हणून ठीक आहे, पण जखम भरायला लागतात प्रथिनं, आणि शहाळ्याच्या पाण्यात ती जवळपास नसतातच. दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब सर्वसाधारणपणे धरतात. पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम. म्हणजे दोन अंडी आणि वाटीभर वरण एवढ्यानं भागत नाही. दही, पनीर, मुगाचं घट्ट कढण, दाण्याचं कूट घातलेली भाजी, मासे खात असतील तर मांदेली-बोंबील, असं दिवसभरात पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं आधी डॉक्टरांना विचारून. तोंडच उघडत नसेल तर मिक्सरमधून काढून पातळ करा, आणि तेही गिळत नसेल तर नाकातून राईल्स ट्यूब घालायची का हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. नाकात नळी घातलेली बघवत नाही, कबूल. पण उपाशी अंगानं टेबलावर जाणं त्याहून वाईट.

तोंडाच्या ऑपरेशनआधी दातांच्या डॉक्टरांकडे एकदा जायलाच हवं. किडलेले, हलणारे दात म्हणजे जखमेच्या शेजारी जंतूंचा साठा. शिवाय पुढे रेडिएशन मिळाल्यावर दात काढणं अवघड होऊन बसतं.

आधी केमो झाली असेल तर शेवटचं सलाइन कधी लागलं ती तारीख फाईलवर ठळक लिहा. पांढऱ्या पेशी वर आल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत. बेव्हॅसिझुमॅब हे औषध चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर किमान २८ दिवस जावे लागतात, कारण त्यानं जखम भरणं मंदावतं. गावाकडच्या वैद्याची पुडी, सांधेदुखीच्या गोळ्या, दम्याची स्टिरॉइडं, जे काही चालू असेल ते सांगा. पुडीत काय आहे ते माहीत नसेल तर पुडीच घेऊन जा. प्लीहा काढायची शक्यता असेल तर काही लसी निदान दोन आठवडे आधी घ्याव्या लागतात. डॉक्टर सांगतीलच, पण आपणही विचारावं.

आता एक नाजूक गोष्ट. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलांत तारखेसाठी थांबावं लागतं, आणि म्हणून लोक आजार लपवतात. आदल्या आठवड्यात खोकला झाला, लघवीला जळजळ होते, मांडीवर गळू आलंय, दाढ ठणकतेय, हे सगळं "सांगितलं तर तारीख जाईल" या भीतीनं पोटात ठेवतात. भीती खोटी नाही. पण शरीरात दुसरीकडे चालू असलेलं इन्फेक्शन घेऊन ऑपरेशनला गेलं तर जखमेचं इन्फेक्शन व्हायची शक्यता वाढते. भरतीच्या दिवशी सकाळी सांगण्यापेक्षा चार दिवस आधी ओपीडीत जाऊन सांगितलं तर साध्या औषधांनी ते बरं होऊन तारीख टिकायची शक्यता जास्त. लवकर सांगण्यात पेशंटचाच फायदा आहे.

पायरी २: आदला दिवस

घरी वस्तऱ्यानं किंवा रेझरनं ऑपरेशनच्या जागेचे केस काढू नका. हौशीनं न्हाव्याला बोलावून छाती-पोट गुळगुळीत करून आणलेले पेशंट दिसतात. रेझरनं कातडीवर न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतू तिथेच घर करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही हेच आहे: केस शक्यतो काढूच नयेत, अगदी लागलेच तर क्लिपरनं, आणि ते काम हॉस्पिटल करेल.

आंघोळ मात्र नीट करायची, आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी. साधा साबण चालतो. हॉस्पिटलनं औषधी साबण दिला तर तो. बेंबी, काखा, जांघा, स्तनाखालची घडी इथे विशेष लक्ष. नखं कापा, नेलपॉलिश काढा, अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र घरी ठेवा. सौभाग्याचं म्हणून आजी अडून बसतात. त्यांना आदल्या दिवशीच समजवा, ओटीच्या दारात नको.

बाहेरगावाहून आलेले बरेच जण दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी किंवा नातेवाइकांच्या एका खोलीत उतरतात. घरात कोणाला सर्दी-ताप असेल तर पेशंटची झोपायची जागा वेगळी करा, निदान उशा-पांघरूण तरी. आणि पावसाळ्यात परळजवळच्या हिंदमाताच्या गुडघाभर पाण्यातून पेशंटला चालवू नका. पायाला साधं खरचटलेलं असलं तरी साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पाणी ओसरेपर्यंत थांबा आणि वॉर्डात फोन करून कळवा.

पायरी ३: ऑपरेशनचा दिवस, आणि अँटिबायोटिकचा गैरसमज

या दिवशी तुम्ही बाहेरच्या बाकावर. आत काय होतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे नंतर भलता आग्रह होणार नाही. चिरा देण्याच्या आधी, बहुतेक औषधांच्या बाबतीत तासाभरात, अँटिबायोटिकचा डोस देतात. ऑपरेशन लांबलं तर मध्येच पुन्हा देतात. शरीर गार पडू देत नाहीत, कारण अंग गार पडलं की इन्फेक्शनचा धोका वाढतो.

आणि मग, बऱ्याचशा ऑपरेशनांत, २४ तासांच्या आत अँटिबायोटिक थांबवतात. इथे नातेवाईक खवळतात. "एवढं मोठं ऑपरेशन आणि अँटिबायोटिक बंद? पैसे आम्ही देऊ, भारीतलं लिहून द्या." लिहून देणारे डॉक्टरही भेटतात, हे नाकारत नाही. पण इन्फेक्शन नसताना ते चालू ठेवून जखम जास्त सुरक्षित होत नाही. उलट आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, जुलाब लागतात, आणि शरीरात औषधाला न जुमानणारे जंतू उरतात. मग केमोच्या वेळी खरंच गरज पडली की तेच औषध चालत नाही. कोणी अँटिबायोटिक थांबवलं तर "का थांबवलं" असं वाटण्याऐवजी, कोणी आठ दिवस चालू ठेवलं तर "कशासाठी चालू आहे" हे विचारायला हवं. अर्थात इन्फेक्शन झालंय म्हणून दिलेलं औषध वेगळं. ते सांगितलेले दिवस पूर्ण घ्यायचं.

पायरी ४: वॉर्ड

वॉर्डातलं बहुतेक इन्फेक्शन दोन वाटांनी येतं, हातांवरून आणि नळ्यांमधून.

हातांचं सोपं आहे, पण पाळलं जात नाही. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचा, साबण-पाण्यानं धुवायचे तर ४० ते ६० सेकंद. पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. जुलाब होत असतील तर सॅनिटायझरवर भागवू नका, साबण-पाणीच; अँटिबायोटिकनंतरच्या एका प्रकारच्या जुलाबाचे जंतू सॅनिटायझरनं मरत नाहीत. सिस्टर किंवा डॉक्टरांना हात धुवायची आठवण करायला संकोच वाटतो ना? "सिस्टर, सॅनिटायझर इथे ठेवलाय बरं का" एवढं हसून म्हटलं तरी पोचतं. वॉर्डात काम करणाऱ्या मावशी आणि मामांनाही तेच.

नळ्यांचं जास्त महत्त्वाचं. लघवीची नळी जितके दिवस राहील तितका धोका रोज वाढत जातो. म्हणून सकाळच्या राऊंडला एक प्रश्न ठरवून ठेवा: "डॉक्टर, ही नळी अजून लागणार आहे का?" लघवीच्या नळीबद्दल, सेंट्रल लाइनबद्दल, हातातल्या सुईबद्दल, प्रत्येकीबद्दल वेगळा विचारा. कधीकधी नळी गरजेपोटी नाही, तर काढायचं राहून गेलं म्हणून राहते. सगळ्या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर हा प्रश्न उचला. "नळी आहे ते बरं, उठायला नको" असं पेशंट म्हणेल, त्याला भुलू नका. मात्र काही ऑपरेशनांत नळी मुद्दाम आठवडाभर ठेवतात, आणि ती स्वतःहून ओढायची तर कधीच नाही.

लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. पेशंटला एक्स-रेला नेताना वॉर्डातले मामा ती सरळ पोटावर ठेवतात आणि लघवी उलटी आत जाते. तेव्हा ती तुम्हीच खाली धरा. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, डबी दाबलेली राहायला हवी, फुगली तर तिची खेच संपली, लगेच सिस्टरला सांगा. हातातल्या सुईची जागा लाल, कडक, दुखरी झाली तर दुसऱ्या राऊंडची वाट बघू नका. सेंट्रल लाइनच्या टोकाला तुम्ही हात लावायचाच नाही. आणि औषध सोडण्याआधी ते टोक स्पिरिटनं घासून पुसलं जातंय का, एवढं बघा.

छातीसाठी ते तीन चेंडूंचं यंत्र. त्यातून श्वास आत ओढायचा असतो, फुंकायचं नाही. जागं असताना दर तासाला आठ-दहा वेळा. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात घरी सराव केला तर नंतर दुखत असतानाही जमतं. पोटाला उशी दाबून खोकायला सांगा. डॉक्टर म्हणाले की दुसऱ्याच दिवशी उठवून खुर्चीत बसवा, चालवा. "आराम करू दे बिचाऱ्याला" म्हणून झोपवून ठेवलं तर फुप्फुसात कफ साठतो. दुखत असेल तर दुखण्याचं औषध मागा, पण चालवा. राईल्स ट्यूबमधून भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली हवी, आणि भरवल्यावर निदान अर्धा-पाऊण तास तशीच. दिवसातून दोन-तीनदा तोंड स्वच्छ करणं हेही न्यूमोनिया टाळायचंच काम आहे. तोंडाचं ऑपरेशन झालं असेल तर कसं करायचं ते सिस्टरकडून शिकून घ्या.

बघायला येणाऱ्यांचं काय करायचं? अंबरनाथहून मामा, विरारहून चुलत सासू, ऑफिसातले चार जण, सगळे लोकलमधून उतरून तसेच खाटेवर येऊन बसतात आणि पेशंटचा हात हातात घेतात. एकानं खमकं व्हायला हवं. खाटेवर बसायचं नाही, सर्दी-खोकला असेल तर यायचं नाही, बाकीच्यांनी व्हिडिओ कॉल. राग येतो, महिन्याभरात जातो.

पायरी ५: घरी

डिस्चार्जच्या दिवशी चार गोष्टी विचारून लिहून घ्या: ड्रेसिंग किती दिवसांनी आणि कोणी करायचं, आंघोळ कधी, टाके किंवा ड्रेन कधी काढायचा, आणि रात्री त्रास झाला तर कुठल्या नंबरवर फोन. रत्नागिरी, जळगाव, परभणीला परत जाणार असाल तर तिथे कोणता सर्जन बघेल हे निघण्याआधीच ठरवा.

जखमेवर हळद, राख, खोबरेल, भस्म, काहीही लावायचं नाही. घरात हळद पवित्र असेल, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. चाळीत पाणी पिंपात साठवलेलं असेल तर जखमेजवळ ते उकळून गार केल्याशिवाय वापरू नका. पावसाळ्यात न सुकलेले, कुबट कपडे जखमेवर नकोत. इस्त्री फिरवून सुके करा. ड्रेन घेऊन घरी आला असाल तर रोज ठरावीक वेळी किती मिलि आणि कसला रंग ते वहीत लिहा. स्तनाच्या ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ३० मिलिच्या खाली आलं की काढायचा विचार करतात, आणि तो निर्णय तुमच्या वहीवरच होतो. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला कापणं, भाजणं, काटा लागणं जपायचं. तो हात एकाएकी लाल, गरम झाला तर त्याच दिवशी दाखवा.

ड्रेसिंगला जाताना गर्दीच्या डब्यात धक्के खायची गरज नाही. कॅन्सरच्या पेशंटला लोकलच्या दिव्यांग डब्यातून प्रवास करता येतो. हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा.

घाबरायचं कधी? ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर. जखमेभोवतीची लाली पसरत चाललेली. पू, दुर्गंध, टाके उसवणं. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढणं. पोटाच्या ऑपरेशननंतर पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास पोट फुगणं, नाडी जोरात चालणं, उलट्या: आतड्याचा जोड गळत असू शकतो, तेव्हा तासांना महत्त्व. मानेच्या जखमेतून थुंकीसारखं पाणी येणं. दिवसात तीन किंवा जास्त पातळ जुलाब. उलट, ऑपरेशननंतर पहिल्या दोन दिवसांतला बारीक ताप बहुतेकदा जखमेच्या इन्फेक्शनचा नसतो; तेव्हा कळवा, पण लगेच हाय खाऊ नका.

जखमेचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवायला हरकत नाही, पण दाबल्यावर दुखतं का, आत पाणी खेळतंय का, हे फोटोत कळत नाही. आणि केमिस्टकडून स्वतःच अँटिबायोटिक आणू नका. बरीच अँटिबायोटिक्स २०१४ पासून एच-वन यादीत आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. कोपऱ्यावरचा ओळखीचा माणूस देतो ती गोष्ट वेगळी. तोटा असा की दोन गोळ्या पोटात गेल्या की नंतर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, बऱ्याचदा जंतू उगवतच नाही आणि कुठलं औषध चालेल ते कळायची वाट बंद होते. पू आला असेल तर आधी त्याचं कल्चर पाठवा, मग औषध. रिपोर्ट साधारण दोन-तीन दिवसांत येतो. त्याची झेरॉक्स फाईलला लावा, कारण पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर बघतील तेव्हा पहिला प्रश्न तोच असेल.

केमो सुरू झाल्यावर ताप आला तर हे सगळं बाजूला. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असू शकतात, आणि अशा वेळी पू दिसत नाही, लाली दिसत नाही, फक्त ताप दिसतो. पॅरासिटॅमॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी कॅज्युअल्टीत जा आणि खिडकीवर पहिलं वाक्य हे बोला: "कॅन्सरचा पेशंट आहे, केमो चालू आहे, अमुक तारखेला शेवटची झाली, आणि ताप १०१ आहे." नुसतं "ताप आलाय" म्हटलं तर तुम्हाला बाकावर बसवतील.